शेजारच्या सीटचा ब्रेक

निवृत्त होताना माणसाने घरी घड्याळ आणावं, एखादी कुंडी आणावी, फार तर गुडघ्याला बांधायचा पट्टा आणावा. मॅडमनी गाडी आणली. तीही दोनच सीटची, लालभडक, रस्त्याला पोट घासत चालणारी आणि बंद केली की दिवे मिटून झोपी जाणारी. दिवे लावले की डावा लगेच उघडायचा, उजवा जरा विचार करून. सरांना ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आपल्याकडे बघून डोळा मारणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता.

सर म्हणजे मॅडमचे यजमान. दोघांनी मिळून आयुष्यभर एकच धंदा केला, तो ड्रायव्हिंग स्कूलचा. मॅडम रस्त्यावर शिकवायच्या आणि सर वर्गात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, मॅडमनी शहरातले अर्धे विजेचे खांब वाचवले होते. सर फळ्यावर त्रिकोण आणि गोल काढून त्यांचे अर्थ सांगायचे. सरांकडे लायसन्स होतं, पण लग्न झाल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. सरांनी सगळ्या शेळ्या खुर्चीवरून हाकल्या.

लाल गाडी आली ती एका डेंटिस्टकडून. हा डेंटिस्ट मॅडमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी. कसाबसा पास झाला आणि त्या आनंदात त्याने ही गाडी घेतली. फाटकाबाहेर काढताना फाटकालाच घासली, तशीच मागे घेतली आणि वर ताडपत्री टाकली ती कायमची. आता दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला जाताना त्याने किल्ली मॅडमच्या हातात ठेवली. "माझ्या शेजारी बसून न ओरडलेली तुम्ही एकट्याच बाई," तो म्हणाला. त्याची बायको बाजूलाच उभी होती, पण तिने काही हरकत घेतली नाही.

गाडी गॅरेजात आली आणि संध्याकाळी मॅडम घरात दिसेनाशा झाल्या. त्यांचे दोन पाय तेवढे गाडीखालून दिसायचे. जेवायला बोलावलं की ते पाय हलायचे, पण यायचे नाहीत. आणि एक दिवस त्यांनी जेवताना, भाजी वाढावी इतक्या सहज, जाहीर केलं की त्या ट्रॅक डेला जाणार. म्हणजे असं, की शहराबाहेर शर्यतींचा एक ट्रॅक होता आणि कधीमधी एखाद्या रविवारी तिथे साध्यासुध्या माणसांना आपापली गाडी पळवायला देत. बक्षीस नाही, नंबर नाही. फक्त जेवढी हिंमत तेवढा वेग.

"या वयात?" सरांनी विचारलं.

"कुणाच्या? माझ्या की गाडीच्या?"

"दोघींच्या."

सरांना भीती वाटत होती. साधी, सरळ, रात्री झोप न येऊ देणारी भीती. मॅडम त्या पत्र्याच्या डब्यात बसून कुठेतरी आपटतील, आणि मग या घरात चहा दोन कपांऐवजी एकच करावा लागेल. पण हे बोलून दाखवायचं कसं? तीस वर्षं ते "सावकाश जा" हे वाक्य इतक्या लोकांना म्हणाले होते, की बायकोला म्हणायला त्यात काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात एक हॉटेलवाला भेटला. चौकात त्याचं नवं हॉटेल होत होतं आणि त्याला ही गाडी हवी होती. चालवायला नाही, कापायला. पुढचा अर्धा भाग करवतीने कापून भिंतीवर लावायचा, दिवे उघडझाप करत ठेवायचे आणि खाली लोकांनी बसून सूप प्यायचं, असा त्याचा बेत. सरांना माणूस फार समजूतदार वाटला. त्यांनी त्याच संध्याकाळी गाडीखालच्या पायांसमोर अट ठेवली.

"तू ट्रॅकवर जा. दिवस संपेपर्यंत तिथल्या लोकांनी तुला परत पाठवलं नाही, तर गाडी राहिली. मध्येच घरी पाठवलं, तर गाडी भिंतीवर."

गाडीखालून ग्रीसने माखलेला हात बाहेर आला. सरांनी तो दोन बोटांनी हलवला.

जुनी गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणजे जुन्या माणसाला डोंगरावर न्यायचं. वरून ठणठणीत दिसतं, आतून काय निघेल सांगता येत नाही. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण रबर वाळून दगड झालं होतं. इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या दाबल्या की कुरकुरत. सीटखाली उंदराने संसार थाटला होता, आणि त्या संसारात डेंटिस्टची प्लास्टरची एक कवळी होती, तीत उंदराची पिल्लं वाढली असावीत. मॅडमनी सगळं उपसलं. टायर बदलले, नळ्या बदलल्या, बॅटरी पट्ट्याने आवळली. ब्रेकचं काम तेवढं त्यांनी वस्तादकडे दिलं.

वस्ताद हा स्कूलचा मेकॅनिक. तोंडाने फटकळ आणि हाताने चांगला. ब्रेकचं तेल काढलं तर ते काढ्यासारखं काळं निघालं. "हे तेल ट्रॅकवर उकळलं असतं," तो मॅडमना म्हणाला, "मग तुम्ही ब्रेक दाबत बसला असता आणि गाडी म्हणाली असती, कोण तुम्ही?" नवं तेल, नवे पॅड, सगळं करतो म्हणाला. मॅडम शेवटच्या एका तुकडीला शिकवायला गेल्या आणि वस्ताद पाय वर, डोकं खाली करून गाडीत शिरला.

दुपारी सर चहा घेऊन गॅरेजात गेले, तर वस्ताद गाडीकडे खुळ्यासारखा बघत बसला होता.

"काय झालं?"

"झालं असं की..." वस्तादने मान खाजवली. "हात चालत राहिले हो. मला कळलंच नाही."

सरांनी वाकून पाहिलं. शेजारच्या सीटच्या पुढ्यात, ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रत्येक गाडीत असतो तसा, दुसरा ब्रेक बसला होता. चकचकीत पेडल, खालून गेलेली सळई, मॅडमच्या पेडलला घट्ट आवळलेला क्लॅम्प. मॅडमची गाडी आणि ब्रेकचं काम म्हटल्यावर वस्तादच्या हातांनी वर्षानुवर्षं केलं तेच केलं होतं.

"काढतो," वस्ताद म्हणाला.

"राहू दे," सर म्हणाले.

ते स्वतःच्याच आवाजाने दचकले. मग घरात गेले, दारातलं रबरी पायपुसणं उचलून आणलं आणि पेडलवर टाकलं. वर पाय ठेवून पाहिला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ट्रॅकवर जोडीदाराला शेजारी बसू देतात, हे त्यांनी पत्रकात वाचलं होतं. आपण बसू. वेळ आली तर पाय आपला आहेच. वर्षानुवर्षं गाडी न चालवलेला माणूस गाडी थांबवू शकणार नाही असं थोडंच आहे?

संध्याकाळी मॅडमनी गाडी गल्लीत फिरवून आणली. सरांच्या पाचावर धारण बसली होती. मॅडम उतरल्या आणि वस्तादच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "ब्रेक मस्त झालाय. अगदी आपल्या स्कूलच्या गाडीसारखा."

वस्तादला ठसका लागला.

रविवारी तिघं ट्रॅकवर पोचले, मॅडम लाल गाडीतून आणि सर वस्तादच्या टेम्पोतून. मॅडमना एकटीने चालवत यायचं होतं. तिथे आधी गाडी तपासत. तपासणाऱ्या बाईला बघून मॅडम हसल्या आणि सरांनी कपाळाला हात लावला. ती हँडब्रेक होती.

हँडब्रेक म्हणजे मॅडमची जुनी विद्यार्थिनी. पहिल्या धड्याला तिने हँडब्रेक ओढलेलाच ठेवून अख्ख्या बाजारातून गाडी फिरवली होती. मागून धूर निघाला तेव्हा म्हणाली होती की गाडी जरा आळशी वाटते. तेव्हापासून तेच नाव पडलं. आता तीच या ट्रॅकवर नवशिक्यांची मुख्य झाली होती, आणि तिच्या हातातल्या शिट्टीला दाढीवाले बाप्ये घाबरत होते.

"मॅडम, तुम्ही माझ्या गटात," ती म्हणाली. "दिवसभरात तीन फेऱ्या, एकेका फेरीत ट्रॅकच्या बऱ्याच चकरा. पहिल्या दोन फेऱ्यांना शेजारी मी बसणार." मग तिने नटबोल्ट पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, सीटबेल्ट ओढून पाहिले. आणि म्हणाली, "पायपुसणी काढा. आत सुटं काही चालत नाही."

हा नियम पत्रकात होता. सरांनी तो वाचलाही होता. पण लपवणाऱ्याला नेहमी वाटतं की आपली वस्तू नियमापेक्षा हुशार आहे.

हँडब्रेकने स्वतःच वाकून रबर उचललं.

"हा ब्रेक मी ओळखते," ती हळूच म्हणाली. "यानेच मला वाचवलंय. पण मॅडम, हा इथे नाही चालणार. वळणावर माझा पाय चुकून पडला तर दोघी गरगर फिरू."

मॅडमनी आधी वस्तादकडे पाहिलं. वस्तादने आभाळात ढग शोधायला घेतले. मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

"यानं बसवला," सर म्हणाले.

"यांनी झाकला," वस्ताद म्हणाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. डेंटिस्ट उगीच नव्हता म्हणाला. "निम्म्या शहराला मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत बसायला त्यातला एकही जण घाबरत नाही. घरातला एकच माणूस घाबरतो." आणि हेल्मेट काखेत मारून त्या दूर जाऊन उभ्या राहिल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्ताद पुन्हा पाय वर करून गाडीत शिरला. सळई सोडवली, क्लॅम्प काढला, मग हँडब्रेकने ब्रेक पुन्हा तपासला. तोवर पहिली फेरी होऊन गेली होती. दुसरीला मॅडम ट्रॅकवर उतरल्या, शेजारी हँडब्रेक. सर तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहिले.

जे दिसलं ते बघवत नव्हतं. मॅडमनी ट्रॅकवर शिरताना उजवा सिग्नल दिला. पहिल्या वळणाला डावा दिला. चढावर गाडी हळू केली, कारण पलीकडे शाळा असू शकते. मागे दाढीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली, रेल्वेचं फाटक पडल्यासारखी. ज्या सरळ रस्त्यावर बाकीचे नुसता आवाज होऊन जात होते, तिथे मॅडम वळण दिसलं की लांबूनच ब्रेकवर. हँडब्रेक काहीतरी हातवारे करत होती आणि मॅडम नम्रपणे मान डोलावत होत्या. वस्तादने टेम्पोकडे तोंड फिरवलं.

मग झेंडेवाल्याने काळा झेंडा काढून लाल गाडीकडे रोखला. काळा म्हणजे आत या. सरांना सगळे झेंडे तोंडपाठ होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की चिन्हांचे अर्थ माहीत नसलेले बरे.

"मॅडम, रागावू नका," उतरल्यावर हँडब्रेक म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "रस्त्यावर हळू जाणं चांगलं. इथे तेच धोक्याचं आहे, मागचा येऊन आदळतो. शेवटची एक फेरी आहे, तिला मी शेजारी नसते. एकट्या जा, नाहीतर कुणाला तरी घेऊन जा. पण पुन्हा असंच झालं तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल."

म्हणजे भिंतीवर. सरांना जे हवं होतं ते पायाशी चालत आलं होतं.

मॅडम जुन्या टायरांच्या चळतीवर बसल्या होत्या. केस हेल्मेटने चापट झाले होते. सर जाऊन शेजारच्या टायरवर बसले, तर ते त्यात रुतलेच.

"मला गाडी चालवता येत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"काहीतरीच काय."

"खरंच. मला थांबवता येते. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याच्या चुकीआधी. आयुष्यभर तेवढंच केलं. समोर काही दिसलं की माझा पाय आपोआप जातो. वस्तादला हसू नका, माझंही तेच झालंय." त्या नखातली काजळी काढत राहिल्या. "लावा फोन त्या हॉटेलवाल्याला. निदान लोक खाली बसून सूप तरी पितील."

सरांनी फोन काढला. नंबर शोधला. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या, आणि अशा बसलेल्या मॅडम सरांनी कधीच पाहिल्या नव्हत्या. त्यांना बायको सुखरूप घरी न्यायची होती हे खरं. पण घरी न्यायची होती ती गाडीखालून दोन पाय हलवणारी बाई, ही नव्हे. हिला घेऊन संध्याकाळी चहा करायचा, तर दोन कप होतीलही, पण दुसरा कुणी पिणार नाही.

"रेंज नाही," सर म्हणाले.

आणि त्याच क्षणी फोन खणखणला. हॉटेलवालाच होता. आवाज दणदणीत, मॅडमना सुद्धा ऐकू जाईल असा. "काय मग सर? कधी आणताय? करवतवाला येऊन बसलाय इथे."

"रेंज नाही," सर फोनमध्ये म्हणाले, आणि फोन बंद करून खिशात टाकला.

मॅडमनी वर पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "तुम्हाला खोटं बोलताच येत नाही."

"नाही येत. म्हणून खरं सांगतो." सर टायरातून उठायचा प्रयत्न करत होते, पण टायर सोडत नव्हतं. "मी सकाळपासून त्या कुंपणाला उभा आहे. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी वळणाचं अंतर सांगणाऱ्या तीन पाट्या आहेत. येणारा प्रत्येकजण दुसऱ्या पाटीला ब्रेक मारतो. तो दाढीवाला, तो हिरवी गाडीवाला, सगळे. तू पहिली पाटी यायच्याही आधी मारतेस. तुला चालवता येत नाही असं नाही. तुझ्या शेजारी बसून 'अजून नको' म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच."

"हँडब्रेक होती की."

"तिला तू शिकवलंयस. तिचं तू कशाला ऐकशील?"

"आणि तुमचं ऐकेन?"

"आजवर कधी ऐकलं नाहीस. आज ऐकून बघ."

मॅडमनी हात देऊन त्यांना टायरातून ओढून काढलं. वस्तादने टेम्पोत पडलेलं आपलं हेल्मेट सरांच्या डोक्यावर दाबून बसवलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "सर, त्या बाजूला आता ब्रेक नाही बरं का."

"माहीत आहे मला," सर म्हणाले, आणि त्यांची बोबडी वळली.

दोन सीटच्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. सर उतरले. पट्टे आवळले गेले. समोर फक्त आभाळ आणि गाडीचं लाल नाक दिसत होतं. पायाखाली नुसता पत्रा होता, आणि काढलेल्या ब्रेकच्या बोल्टची दोन भोकं.

पहिल्या वळणाला सरांनी पत्रा दाबला. दुसऱ्याला इतका दाबला की पोटरीत गोळा आला. गाडी काही थांबली नाही. मॅडमचे हात स्टीअरिंगवर शांत होते, चढ आला तेव्हा त्यांनी एकदाच सरांकडे बघितलं. "पलीकडे शाळा नाही," सर ओरडले. "मी पाहिलंय." मॅडमनी पाय उचलला नाही. गाडी चढावरून उतरली तेव्हा सरांचं पोट थोडा वेळ चढावरच राहिलं. मग डावं वळण, उजवं वळण, कुठल्याशा वळणाला टायर कण्हले, आणि समोर तो सरळ रस्ता उघडला.

इंजिनाचा आवाज वाढत वाढत कवटीत शिरला. दोन्ही बाजूंचं कुंपण वाहायला लागलं. रस्त्याच्या टोकाला वळण होतं आणि वळणापलीकडे खडी. सरांना खडीचा एकेक दगड दिसत होता. त्यांच्या अंगातला कण न् कण थांब म्हणून ओरडत होता. आयुष्यभर याच शब्दावर त्यांनी पोट भरलं होतं.

"सांगा!" मॅडम म्हणाल्या. त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटायला आला होता.

पहिली पाटी आली.

"अजून नको," सर म्हणाले.

पाटी गेली. मॅडमचा पाय तिथेच राहिला. वस्तादचं हेल्मेट सरांच्या नाकावर घसरलं होतं, त्याखालून ते समोर बघत होते, आणि भीती होती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. पण ती आता त्यांच्या एकट्याची होती. मॅडमच्या पायात ती घालायची नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

"अजून नको."

दुसरी पाटी.

"आता."

मॅडमनी ब्रेक दाबला. पट्ट्यांनी सरांना छातीत धरलं, गाडीने नाक खाली घातलं, मग लाल नाक वळलं, आणि वळण सगळंच्या सगळं त्यांच्या बाजूने निघून गेलं. खडी जिथल्या तिथे राहिली. हेल्मेटच्या आत कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. ते आपणच आहोत हे सरांना पुढच्या वळणाला कळलं.

पुढच्या चकरांना त्यांनी तेच केलं, आणि मॅडमनी तेच ऐकलं. मधे हिरवी गाडी पुढे गेली. मग एकदा दाढीवाल्याला मॅडमनी मागे टाकलं. काळा झेंडा कुणी दाखवला नाही. फेरी संपल्याचा चौकड्यांचा झेंडा फडकला, तोही सरांनी ओळखला.

मॅडमनी गाडी आत आणून बंद केली. तापलेला पत्रा टकटक करत होता आणि ब्रेकचा जळका वास येत होता. कुंपणापलीकडून हँडब्रेक दोन्ही हात वर करून पळत येत होती, तिच्यामागे वस्ताद. सरांनी पट्टा सोडला आणि हेल्मेट नाकावरून वर ढकललं.

मॅडमनी हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद झाला होता. त्या समोरच्या काचेतून ट्रॅककडे बघत होत्या.

"दुसऱ्या पाटीच्या पुढे बरीच जागा होती हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी जरा उशिरा सांगा."